गाडी नाशकात, मालक परदेशात: पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएच-१५ ची गाडी इंदिरानगरच्या नाहीतर गंगापूर रोडच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. आई-बाबा महिन्यातून एकदा चावी फिरवतात आणि मालक दुबईत, लंडनला किंवा न्यू जर्सीत. आरसीवरची तारीख जवळ आली की तेच ते प्रश्न सुरू होतात. खालची माहिती खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या चारचाकीपुरती आहे.

१. पासिंग तर टॅक्सी-टेम्पोला असतं ना? माझ्या खासगी गाडीला कशाला?

टॅक्सी-टेम्पोचं असतं ते फिटनेस. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होतं. खासगी गाडीची नोंदणीच १५ वर्षांची असते. मुदत संपली की गाडी तपासून नोंदणीचं नूतनीकरण होतं, आणि बोलीभाषेत त्यालाही आपण पासिंगच म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे हे नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांचं मिळतं. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एमओटी (तिथली सक्तीची तपासणी) आणि जर्मनीत पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी टीयूव्ही करणाऱ्यांना हे फार सैल वाटतं. पण त्यामुळेच लोक तारीख विसरतात.

२. पंधरा वर्षं झाली की गाडी जप्त होते, भंगारात द्यावी लागते, असं ऐकलं. खरं का?

नाशकात नाही. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राचा आहे. महाराष्ट्रात गाडी धडधाकट असेल आणि शुल्क भरलं असेल, तर पुढची पाच वर्षं मिळतात.

३. त्यासाठी मला तिकीट काढून यावं लागेल का?

नाही. मालक आला नाही तरी चालतं, गाडी मात्र न्यावीच लागते. कलम ४१ मध्येच अर्ज मालकाने 'किंवा त्याच्या वतीने' करता येतो असं म्हटलं आहे. पेठ रोडवरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात वैध लायसन्स असलेलं कोणीही गाडी नेऊ शकतं: भाऊ, शेजारचे काका, विश्वासातला ड्रायव्हर.

त्यांच्या हाती साधं अधिकारपत्र द्या. त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, नेणाऱ्याचं नाव, कामाचा उल्लेख आणि तुमची सही हवी. सोबत तुमच्या आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत. सही आरटीओच्या नोंदीतल्या सहीसारखीच करा. पंधरा वर्षांपूर्वी मराठीत केलेली सही आता इंग्रजीत केली की खिडकीवर शंका निघते. कागद शाईच्या सहीचा, कुरिअरने आलेला असावा, कारण प्रिंट काढलेला स्कॅन चालेलच असं नाही.

कुलमुखत्यारपत्राची गरज बहुतेक वेळा पडत नाही. गाडी विकायचीही असेल तर मात्र ते करून ठेवा. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे नोटरी आणि अपोस्टिल (आंतरराष्ट्रीय कराराखालचा साक्षांकनाचा शिक्का) चालतं. कॅनडातही जानेवारी २०२४ पासून चालतं. अमिराती त्या करारात नाही, तिथे भारतीय वाणिज्य दूतावासातूनच साक्षांकन घ्यावं लागतं. असा कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, आणि ही मुदत हमखास चुकते.

४. अर्ज नेमका कधी करायचा?

मुदत संपण्याआधी ६० दिवस, त्याहून लवकर नाही. समजा आरसीवर १३ जुलै २०२६ ही तारीख आहे, तर १४ मेपासून अर्ज करता येतो. कागदांची आणि गाडीची तयारी मात्र त्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू करा. नंबरप्लेट, मोबाइल नंबर आणि कर्जाची नोंद ही तीन कामं रेंगाळतात आणि अर्जाचे ६० दिवस खाऊन टाकतात. तारीख पाहताना विम्याची किंवा पीयूसीची पाहू नका. आरसीवर 'नोंदणी वैधता' म्हणून असते तीच धरा.

५. ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर कधीच बंद झाला. आता?

परदेशातून करायची कामं सर्वांत जास्त इथेच अडतात, म्हणून हे पहिलं उरका. सरकारच्या 'परिवहन' पोर्टलवर वाहन सेवांमध्ये मोबाइल नंबर बदलण्याची सोय आहे. त्यासाठी गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि वैधतेची तारीख लागते. म्हणून आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो फोनमध्ये हवाच. मालकाच्या नावाचं स्पेलिंग आधार आणि आरसीवर वेगळं असेल, तर ऑनलाइन बदल अडू शकतो. मग अधिकारपत्र देऊन कोणाला तरी कार्यालयात पाठवा.

नवा नंबर भारतातला दहा आकडीच हवा. त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, तुमचं भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवणं. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, म्हणून थोडी शिल्लक ठेवा आणि अधूनमधून एक एसएमएस करा. दोन, नाशकातल्या घरच्या माणसाचा नंबर नोंदवणं. दुसरा मार्ग सोयीचा, कारण ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो आणि तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असते. एजंटाचा नंबर मात्र कधीच नोंदवू नका, पुढे गाडीच्या प्रत्येक कामाची चावी त्याच्या हाती जाते.

व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल आली तर उघडू नका. ती फसवणूक असते. सरकारी पोर्टलचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो.

६. कागद कोणकोणते?

नमुना २५ मधला अर्ज, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (प्रश्न ९), मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा), भरलेल्या शुल्काची आणि कराची पावती, आणि अधिकारपत्र. ई-चलन थकलं असेल तर आधी भरा. गाडी उभीच असली तरी तपासा, कारण कोणीतरी एकदा बाजारात नेलेली असते आणि त्याने सांगितलेलं नसतं.

आरसी हरवली असेल, तर आधी पोलिसांकडे नोंद आणि नमुना २६ ने दुय्यम आरसी. तीही एक वेगळी वाट आहे, तिला वेगळे दिवस द्या.

पत्ता बदलला असेल तर? नाशकातलं जुनं घर विकलं असेल तर पत्ताही नमुना ३३ ने आत्ताच बदलून घ्या, नाहीतर नवं कार्ड त्या घराच्या नव्या मालकाच्या दारात जातं (प्रश्न १७).

७. खर्च किती?

भारतात बनलेल्या कारचं नूतनीकरण शुल्क ५००० रुपये, एप्रिल २०२२ पासून. गाडी २० वर्षांहून जुनी असेल तर ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर १०,००० रुपये. आयात केलेल्या कारला हेच आकडे ४०,००० आणि ८०,००० होतात. इथे 'आयात' म्हणजे तयार अवस्थेत बाहेरून आणलेली गाडी. कंपनी परदेशी असली म्हणून गाडी आयात होत नाही.

उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये, आणि महिन्याचा एक दिवस झाला तरी पूर्ण महिना धरतात. तीन महिने दहा दिवस उशीर म्हणजे चार महिने, २००० रुपये. घरातल्या जुन्या स्कूटरलाही हाच नियम आहे, तिथे शुल्क १००० आणि उशिराला महिना ३०० रुपये.

याशिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आहे आणि अर्ज करताना पोर्टलवर आकडा आपोआप दिसतो. स्मार्ट कार्डाचे २०० रुपये वेगळे. गॅरेजचा खर्च बहुतेकदा या सगळ्याहून मोठा निघतो.

८. नवी नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवली नाही तर चालेल का?

चालणार नाही. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला ती लागते आणि तिच्याशिवाय आरटीओची कामं पुढे सरकत नाहीत. महाराष्ट्रात चारचाकीचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे ८७९ रुपये. पैसे ऑनलाइनच भरायचे असतात. बसवणाऱ्याने केंद्रावर वेगळे मागितले तर द्यायचं कारण नाही. नोंदणी परदेशातून होते, ओटीपी लागतो (प्रश्न ५). जुन्या पाट्या काढून द्याव्या लागतात. पुढच्या काचेवर आतून लावायचा तिसरा स्टिकर घेतला का ते पाहा, तो बऱ्याचदा पाकिटातच राहतो.

९. पीयूसी सहा महिन्यांचं की वर्षाचं? आणि नापास का होतं?

बीएस-४ (भारत स्टेज-४, गाडीच्या धुराचा सरकारी निकष) किंवा पुढची गाडी असेल तर वर्षाचं, त्याआधीची असेल तर सहा महिन्यांचं. इथे नाशिककरांची गंमत होते. २०१० साली बीएस-४ फक्त मुंबई-पुण्यासारख्या १३ शहरांत सुरू झालं, देशभर ते १ एप्रिल २०१७ ला आलं. त्यामुळे २०११ ची एमएच-१५ गाडी बहुधा बीएस-३, आणि त्याच महिन्यातली तेच मॉडेल असलेली एमएच-१२ गाडी बीएस-४ असू शकते.

बीएस-३ पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. डिझेलचा धूर बीएस-४ आधीच्या गाडीला ६५ एचएसयू (धुराची दाटी मोजायचं एकक), बीएस-४ ला ५०.

उभी राहिलेली पेट्रोल गाडी नापास होते ती बहुतेकदा थंड असल्यामुळे. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे ३०० अंशांवर तापल्याशिवाय कामच करत नाही. कॉलनीतून दोन मिनिटांत पंपावर गेलात तर आकडा वरच येणार. आडगाव नाक्यापासून महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं चालवून थेट तपासणीला न्या, इंजिन बंद करू नका. तरीही जास्त आलं तर एअर फिल्टर, प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर, याच क्रमाने. टाकीतलं वर्षभराचं पेट्रोल हेही एक कारण असतं. डिझेलला काळा धूर आला की एअर फिल्टर आणि इंजेक्टर.

१०. गाडी दीड-दोन वर्षं जागची हलली नाही. आधी काय करून घेऊ?

चावी फिरवायची घाई करू नका. आधी बॉनेट उघडून उंदरांची कामगिरी पाहा. पावसाळ्यात ते इंजिनच्या उबेला येतात आणि वायरिंगचं आवरण, बॉनेटखालचा फेल्ट, कधी एअर फिल्टरच कुरतडतात. कुरतडलेल्या वायरीवर बॅटरी जोडली तर शॉर्ट होतं.

बॅटरीचं व्होल्टेज मीटरने पाहा. पूर्ण भरलेली १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली महिनोन्‌महिने राहिली असेल तर चार्ज होऊनही टिकत नाही, सरळ बदला. दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन आरटीओत नेली आणि तिथे रांगेत बंद पडली की दिवस गेला. पुढच्या वेळी जाताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा.

पेट्रोल निम्म्याहून कमी आणि वर्षाहून जुनं असेल तर काढून टाकणं बरं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल धरतं, मग पंप आणि इंजेक्टर त्रास देतात. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर, तिन्ही बदला. कूलंट पाहा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलायचंच असतं.

आता ब्रेक. हॅन्डब्रेक ओढून गाडी ठेवली असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. ताकद लावून गाडी ढकलली तर लायनरचा तुकडा सुटून ड्रममध्ये अडकतो. मेकॅनिककडून ड्रम उघडून साफ करून घ्या. पुढच्या डिस्कवरचा वरवरचा गंज दोन-चार किलोमीटरमध्ये जातो, खड्डे पडले असतील तर नाही. गाडी ठेवताना हॅन्डब्रेक सोडून, पहिल्या गिअरमध्ये, चाकाखाली वीट लावून ठेवावी.

टायरला खोली दिसते म्हणून तो चांगला, असं नाही. बाजूवर चार आकडे असतात: ३५१४ म्हणजे २०१४ चा ३५ वा आठवडा. असा टायर नवा दिसला तरी कडेला बारीक चिरा पडलेल्या असतात. नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, म्हणजे खाचांतल्या खुणांच्या वर. हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

हे सगळं मुंबई नाका किंवा द्वारका परिसरातल्या गॅरेजवाल्याला घरी बोलावून होतं. बिलावर बदललेल्या सामानाची नावं लिहून घ्या आणि जुने भाग फोटोसह ठेवायला सांगा.

११. तपासणीत नेमकं काय पाहतात?

सुरुवात कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे का इथून होते. चेसिस नंबर काही गाड्यांत बॉनेटखालच्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखाली गालिच्याच्या आत. तिथे गंज चढून आकडे पुसट झाले असतील तर आधी रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा. सँडपेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका, खोडाखोड केल्याचा संशय आला तर प्रकरण वेगळंच होतं. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी.

मग दिवे: हेडलाइट दोन्ही बीममध्ये, इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिव्हर्स, आणि सगळे विसरतात तो नंबरप्लेटवरचा छोटा बल्ब. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घ्या. वायपर, हॉर्न, आरसे, सीटबेल्ट (मागचे बेल्ट सीटच्या फटीतून बाहेर काढून ठेवा), हॅन्डब्रेक, ब्रेक, स्टिअरिंगमधली ढिलाई, सायलेन्सरची गळती.

याच्या पुढे आपण हौसेने लावलेल्या गोष्टी आहेत. काचेवरची फिल्म (सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली), पुढचा लोखंडी गार्ड, झगझगीत एलईडी, प्रेशर हॉर्न, आरसीवर नसलेला रंग. हे आदल्या दिवशी काढून ठेवा.

१२. नापास झाली तर?

निरीक्षक त्रुटी सांगतात, त्या दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवायची. त्रुटी लेखी मागा किंवा नेणाऱ्याने तिथेच टिपून घ्याव्यात. 'ब्रेक बरोबर नाही' एवढं फोनवर कळून परदेशातून गॅरेजशी वाद घालता येत नाही. दुरुस्तीत महिना उलटला आणि मुदत संपली तर उशिराचं शुल्क सुरू होतं, म्हणून ६० दिवसांतले पहिले पंधरा दिवस तपासणीसाठी धरा.

१३. मुदत आधीच संपली. गाडी आरटीओपर्यंत चालवत नेऊ का?

नेऊ नका. मुदत संपल्यावर नूतनीकरण होईपर्यंत गाडी सार्वजनिक जागी वापरायची नाही असं केंद्रीय मोटार वाहन नियम ५२ सांगतो. कलम १९२ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार दंड आहे, आणि तो चालवणाऱ्याला तसाच वापरू देणाऱ्यालाही लागू होतो. खरी भीती विम्याची. नोंदणी वैध नसताना दावा नाकारणं योग्य ठरवणारे निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०२१ मध्ये दिले आहेत.

म्हणून फ्लॅटबेडवर (गाडी पाठीवर वाहून नेणाऱ्या ट्रकवर) टाकून न्या. दोरी बांधून टोचन करू नका, त्यात गाडी रस्त्यावरच असते. पीयूसीसाठी गाडी तापवण्याचा प्रश्न ९ मधला सल्लाही इथे लागू नाही. इंजिन आवारातच तापवा आणि फ्लॅटबेड दाराशी उभा ठेवा. गाडी गेटच्या आत ठेवा, कॉलनीच्या रस्त्यावर नको.

१४. कर्ज केव्हाच फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव आहे.

नूतनीकरणाआधी काढून टाका. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ लागतो. दहा वर्षांपूर्वीचं पत्र ड्रॉवरमध्ये सापडलं तरी ते जुनं म्हणून परत येऊ शकतं, बँकेकडून नव्या तारखेचं मागवा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेतून.

१५. गाडी बाबांच्या नावावर होती, ते गेले. पासिंग मी करू शकतो का?

त्यांच्या नावाने नाही. आधी वारसाच्या नावावर हस्तांतरण: कलम ५० आणि नमुना ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि इतर वारसांची संमती. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. भाऊ-बहिणी तीन देशांत असतील तर संमतीपत्रांनाच महिने लागतात. अशा वेळी गाडी आईच्या नावावर करणं सोपं पडतं, पुढचे ओटीपीही घरीच येतात.

१६. गाडी एमएच-१५ ची, पण उभी आहे पुण्यात. नाशकातच न्यायला हवी का?

नियम ५२ प्रमाणे अर्ज 'गाडी जिथे आहे' तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे करता येतो, आणि कलम ४१ प्रमाणे तो मूळ कार्यालयाला कळवतो. गाडी बंगळुरूसारख्या परराज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कलम ४७ प्रमाणे नाशिकचं ना-हरकत (नमुना २८) घेऊन नव्याने नोंदणी आणि तिथला कर. त्यापेक्षा मुदत संपायच्या आत गाडी नाशकात आणणं स्वस्त.

सीएनजी किट बसवलेलं असेल तर कुठल्याही कार्यालयात दोन गोष्टी पाहतील: आरसीवर इंधनात सीएनजीची नोंद आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी).

१७. नवं कार्ड कुठे येतं?

आरसीवरच्या पत्त्यावर, पोस्टाने. फ्लॅट बंद असेल तर कार्यालयात परत जातं आणि मग ओळखपत्र घेऊन आणावं लागतं. पोस्टमनला शेजाऱ्यांचा नंबर देऊन ठेवा. तोपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी ग्राह्य असते, नवी तारीख तिथे आली का ते पाहा.

१८. पुढच्या सुट्टीत येणारच आहे, तेव्हाच उरकू का?

सुट्टी त्या ६० दिवसांत बसत असेल तर जरूर, पण तीन आठवड्यांपेक्षा कमी सुट्टीच्या भरवशावर नको. नंबरप्लेट, पीयूसी आणि गॅरेज तुम्ही यायच्या आधीच झालेलं असावं. आणि २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर या नाशिकच्या स्नानांच्या तारखा. पेठ रोड पंचवटीतच येतो, त्या दिवसांत तिकडे गाडी घेऊन जाण्याचा विचार करू नका. तुमची मुदत २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपत असेल तर जूनच्या शेवटच्या आठवड्यातच अर्ज करता येतो का ते मोजा, आणि जमत असेल तर तपासणी जुलैत उरका.